न आलेल्यांचा डबा

हल्ली सव्वीस डिसेंबरच्या सकाळी लोक चांदणी उतरवतात, ते बघून माझं डोकं फिरतं. आदल्या दिवशी चर्चमध्ये नवे कपडे घालून, डोळे मिटून गाणी म्हणायची, शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून चांदणीची वायर ओढायची. एवढी कसली घाई असते? पाहुणा दारातून बाहेर पडायच्या आधीच त्याची गादी गुंडाळल्यासारखं वाटतं मला. माझे यजमान म्हणतात, तू या विषयावर बोलायला लागलीस की पाळकसाहेबांनी खाली बसावं. बसावं की. मला काय.

आमच्या घरातली चांदणी सहा जानेवारीला उतरायची. त्याआधी तिला कुणी हात लावायचा नाही. बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून दादा ती घरीच करायचा आणि आत चाळीसचा बल्ब सोडायचा. आम्ही तेव्हा शिवाजी पेठेत राहत होतो. दोन खोल्या आणि बोळाच्या अंगाला एक अरुंद गॅलरी. वडील मी दुसरीत असताना गेले. आई दवाखान्यात नर्स होती. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. एवढंच आमचं घर. बोळात नाताळ करणारे आम्ही एकटेच, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. दिवाळीत बोळाचा फराळ आमच्याकडे यायचा आणि नाताळात आमचा फराळ बोळात जायचा. एक जानेवारी उलटली की समोरच्या काकू खालून हाक मारायच्या, "अजून चांदणी हाय व्हय? पावणं यायचं ऱ्हायल्यात काय तुमचं?"

आई वरून सांगायची, "व्हय, ऱ्हायल्यात की."

काकूंना ती थट्टा वाटायची. आई मात्र खरं तेच सांगत असायची.

आईचा एक डबा होता. पितळी, कडीचा, आतून कल्हई केलेला, पोटाला एका बाजूला पोचा आलेला. वीस तारखेपासून आमच्याकडे तळण सुरू व्हायचं. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. नानकटाईचं पीठ मळून आम्ही बेकरीत भाजायला न्यायचो. सगळं झालं की कुणाच्याही ताटात काही पडायच्या आधी आई तो डबा भरायची. गच्च, वर झाकण दाबून बसवावं लागेल इतका. मग तो वरच्या फळीवर जायचा. मी एकदा स्टुलावर चढून त्यातली करंजी काढली, तर आईनं हातावर अशी चापट मारली की चुरा खाली आणि मी वर. म्हणाली, "आपल्या ताटातलं खा. ते न आलेल्यांचं हाय."

म्हणजे असं, की नाताळच्या दिवशी जे आले ते बसले, खाऊन गेले, त्यांची काळजी नाही. जे यायचे होते आणि आले नाहीत त्यांच्यासाठी तो डबा. कुणी आजारी म्हणून आलं नाही, कुणी रुसलं म्हणून, कुणाला घालायला धड कपडे नव्हते म्हणून. आई पंचवीस तारखेला दिवसभर सगळ्यांना वाढता वाढता मनात नोंद ठेवायची की कोण दिसलं नाही. आणि सव्वीसपासून सहापर्यंत, ड्यूटी संपली की रोज एका घरी जायची. डबा घेऊन जायची, तिथं रिकामा करायची, घरी येऊन परत भरायची. मी एकदा विचारलं, नाताळ संपल्यावर कशाला फिरतेस? ती म्हणाली, "पूर्वेकडचे मागी लोक तारा बघत बघत बाळाला भेटायला उशिरा पोचले, सहा तारखेला. उशीर झाला म्हणून मरियेनं दार लावून घेतलं हुतं काय?" एवढंच तिचं प्रवचन. आयुष्यभरात मी तिच्याकडून दुसरं ऐकलं नाही.

आता आमच्या भागातली एक रीत सांगते, सगळ्यांना माहीत आहे तरी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कुणाच्या घरून डबा आला की तो रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चमचाभर साखर घालून देतात. आईचा डबा परत यायचा तेव्हा त्यात कधी साखर असायची, कधी चार शेंगा, कधी गुळाचा खडा. जिच्या घरात धड पीठ नसायचं ती बाईसुद्धा चिमूटभर काहीतरी टाकायची. रिकामा डबा परत देणं म्हणजे, पुन्हा येऊ नका.

माझं बारावीचं वर्ष होतं. दादाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. वहिनी राधानगरीकडची, कमी बोलणारी, कामाला वाघ. डिसेंबरच्या सुरुवातीला दादाला कागलच्या एमआयडीसीत लेथवर काम मिळालं. पाळ्या तीन, येण्याजाण्याचे हाल, म्हणून त्यानं तिकडंच खोली घेतली. आईनं स्वतः त्याला भांडी काढून दिली. कुणाला काही वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे वडिलांची बाजाची पेटी होती. नाताळची गाणी आम्ही तिच्यावर म्हणायचो. वडील गेल्यावर दादाच ती वाजवायचा. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा आई ड्यूटीवर होती, वहिनी पुढं गेलेली. दादानं भांडी नेली, ट्रंक नेली आणि शेवटी पेटी उचलली. तिथं माझं टाळकं सटकलं. मला पेटीतला एक सूर धड लावता येत नव्हता, ती ठेवून मी काय करणार होते? पण म्हटलं, "आमच्या बापाची पेटी ने, आम्हाला टाकून जा, आणि आता परत या घराचा उंबरा चढू नकोस." दादानं पेटी टेम्पोत ठेवली, तिच्यावर चादर घातली आणि गेला. आईला मी यातलं अक्षर सांगितलं नाही.

त्या नाताळात तो आला नाही. आईनं त्याचं ताट दिवसभर झाकून ठेवलं. संध्याकाळी काढून घेतलं आणि म्हणाली, "पाळी असंल." सव्वीसला नाही, एकतीसला नाही, एक तारखेच्या उपासनेलाही नाही. मला माहीत होतं की तो का येत नाही, आणि मला वाटत होतं की आपण एक शब्द बोललो तर आई मला फाडून खाईल. पाच जानेवारीला आईनं डबा भरला, फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "माझी दुपारची ड्यूटी हाय. तू जाऊन ये. आपला असला म्हणून काय झालं, तोबी न आलेल्यातलाच की."

मी एसटीनं कागलला गेले. स्टँडवर उतरले, दादाची चाळ कुठं आहे हे विचारूनही घेतलं. आणि मग पाय उचलेना. गेले तर तो म्हणणार, तूच म्हणालीस ना येऊ नको म्हणून. वहिनीसमोर म्हणणार. मी अठरा वर्षांची, नाकावर राग, माफी हा शब्द तोंडातून निघायला जन्म जायचा. गळिताचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या खोप्या पडलेल्या, बैलगाड्या सोडलेल्या, पोरं धुळीत खेळत होती. मी फडकं सोडलं आणि सगळा डबा त्या पोरांना वाटून टाकला. शेवटची शंकरपाळी संपेपर्यंत वाटला. त्यांची एक आई मला हात जोडून काहीतरी म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं त्या वेळी. परतीच्या गाडीत मी स्वतःची समजूत घालत बसले, की गरिबाच्या पोरांना दिलं, नाताळचं काम याहून वेगळं काय असतं. अनोळखी माणसाला खाऊ घालणं फार सोपं असतं. त्याच्यापुढं मान खाली घालावी लागत नाही.

आई ड्यूटीवरून आली. हातपाय धुतले आणि पहिल्यांदा डबा घेतला. झाकण काढलं. आत बघितलं. मग डबा जरा उजेडाकडं धरून पुन्हा बघितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एका साखरेच्या पुडीची गोष्ट होती. स्टँडवर दहा दुकानं होती. पण मला सुचलंच नाही. इतकं खोटं जुळवलं आणि डबा रिकामा आणला.

"वयनी घरात नव्हती काय?" आईनं विचारलं.

"होती," मी म्हटलं.

"काय म्हणाला?"

"काही न्हाई म्हणाला."

आईनं डबा धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सहा तारीख होती. चांदणी मी उतरवली. खालून काकूंनी विचारलं, आलं काय सगळं पावणं? आई म्हणाली, "आलं." ती खोटं बोलली ते मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढची सात वर्षं मी कशी काढली असं कुणी विचारलं तर सांगते, मजेत काढली. तेच तर वाईट आहे. कॉलेज झालं, डी.एड. झालं, शाळेत नोकरी लागली. दादाशी काही वैर झालं नाही. लग्नकार्यात भेटायचा, "बरी हायस न्हवं?" म्हणायचा. वहिनीच्या माहेरचा तांदूळ आला की पोतं घेऊन यायचा, पण आईच्या दवाखान्याच्या फाटकावर द्यायचा. घरी यायचा नाही. आईला वाटायचं, बायकोनं अडवलाय. मला माहीत होतं, मी अडवलाय. नाताळला आम्ही दोघी टाळ्यांवर गाणी म्हणायचो. आईचा डबा दरवर्षी भरायचा, घरोघर फिरायचा, पण कागलला गेला नाही. एकदा ती म्हणाली, "त्या पोरीला एकदा इचारावं म्हणते. काय चुकलं आमचं, डबा रिकामा का धाडलास?" मी लगेच म्हटलं, "जाऊ दे की आई, कशाला उकरून काढतीस?" तिला वाटलं, पोरगी किती समजूतदार. रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य माफ होईल कदाचित. पण हे मी थंड डोक्यानं, भाकरी भाजत बोलले होते.

आई रिटायर झाली आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. मे महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. दादा-वहिनी बघायला आले. दादा आईच्या खाटेशी उभा राहिला, पांघरूण सारखं केलं, आणि दोघं पावसापाण्याचं बोलत बसले, मे महिन्यात. वहिनी आणि मी बाहेर बाकावर. वहिनी सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. म्हणाली, "आत्याबाईंना एक इचारायचं हुतं, पर आता आजारपणात नको. तुम्हाला म्हणून इचारते. आमच्या पहिल्या नाताळाला त्यांनी आम्हाला डबा का नाही धाडला?"

वहिनी पुढं बोलत राहिली.

"ह्यांनी लई वाट बघितली हो. पाळीवरनं आले की आधी इचारायचे, डबा आला काय? मला म्हणायचे, बघ, आई सहा तारखेच्या आत धाडणार, ती न आलेल्याला सोडत न्हाई. सहा तारखेला पाळी बदलून घरी बसले. संध्याकाळी म्हणाले, आपण न आलेल्यातबी ऱ्हायलो न्हाई."

बाकाच्या समोर भिंतीवर डोळ्यांची आकृती होती. मी तिच्याकडं बघत राहिले. वहिनी म्हणाली, काय झालं हो? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलंय.

दुसऱ्या दिवशी आईला घरी आणलं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे तिला माणूससुद्धा आवाजावरून ओळखावं लागत होतं. मी तिच्या कॉटच्या कडेला बसून सगळं सांगितलं. पेटीचं, उंबऱ्याचं, स्टँडचं, पोरांचं. तिला माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून मला सांगता आलं, हेही खरं आहे.

आईनं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "सात वर्षं मी त्या पोरीला मनात नावं ठिवली. तिचा तांदूळ खाऊन नावं ठिवली."

मी रडायला लागले. आईनं काही माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवायला नकोच होता.

"त्या पोरांनी खाल्लं का सगळं?" तिनं विचारलं.

"खाल्लं."

"त्यांना दुसरा डबा भरून दिला असता की मी. त्याचाच कशाला दिलास?"

थोड्या वेळानं ती म्हणाली, "उद्या करंज्या कर." मी म्हटलं, आई, मे महिना चाललाय. ती म्हणाली, "मग काय झालं? मागी लोक काय कॅलेंडर बघून निघाले हुते?"

डॉक्टरांनी तिला चुलीपुढं जायला मनाई केली होती. ती कॉटवरून सांगत होती आणि मी तळत होते. खोबरं किती भाज, खसखस किती घाल, सगळं येत असूनही मी विचारत होते. घामानं चिंब झाले. काकू वास घेत वर आल्या आणि म्हणाल्या, "हे काय, मे महिन्यात?" आईनं सांगितलं, "एक पावणा ऱ्हायला हुता." डबा तिनं स्वतः भरला, हातानं चाचपत, एकेक करंजी कडेला लावून.

कागलला दादाच्या दारात उभी राहिले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तो पाळी करून आला होता, बनियनवर होता. त्यानं आधी डबा बघितला, मग मला. खोलीत कोपऱ्यात वडिलांची पेटी होती, तीच चादर घातलेली.

"दादा, हा त्या वर्षीचा डबा हाय," मी म्हटलं. आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. बसले असते तर जमलं नसतं.

तो खाली बसला. डबा मांडीवर घेतला आणि पोच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू उंबरा चढू नको म्हणालीस, ते मला लागलंच न्हवतं. तू आधीपासनंच तोंडाची फाटकी. चार दिवसांनी आलोच असतो. मी डब्याची वाट बघत हुतो. डबा आला की त्याच गाडीनं येणार हुतो."

हे ऐकलं आणि मला तिथंच धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. सात वर्षं मी समजत होते की माझ्या बोलण्यानं घर तुटलं. बोलण्यानं काही झालं नव्हतं. तो डबा त्याच्या दारापासून दहा मिनिटांवर येऊन परत गेला होता.

त्यानं एक करंजी खाल्ली. मग दुसरी. वहिनीनं बाकीच्या ताटात काढून घेतल्या, डबा धुतला आणि तांदूळ भरायला लागली. दादा म्हणाला, "थांब." त्यानं फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि तो सगळा आईच्या डब्यात ओतला. उरलेली जागा भरेना म्हणून खाली दुकानात जाऊन अजून साखर आणली. गच्च भरला. झाकण दाबून बसवलं. म्हणाला, "नाताळला येतो म्हणून सांग. पेटी घिऊन येतो."

आला तो. पेटी घेऊन आला. आईला दोन नाताळ मिळाले तसे, पेटीवरचे, दादाशेजारी बसून. तिसऱ्याच्या आधी ती गेली. मी आता दरवर्षी डबा भरते आणि सहा तारखेपर्यंत फिरते. लोक म्हणतात, आईचं वळण छान चालवलंय. मला तिच्याबरोबरचे ते सात नाताळ परत हवे आहेत, तिघांनी मिळून म्हणायच्या राहिलेल्या गाण्यांचे, आणि ते मिळत नाहीत. कुणाच्या घरी डबा नेऊन मिळायचे असते, तर मी अनवाणी गेले असते.

त्या दिवशी मी कागलहून परत आले तेव्हा आई कॉटवर उठून बसली होती. जिन्यावरचं माझं पाऊल ओळखून तिनं दोन्ही हात पुढं केले. मी डबा दिला. तिनं तो मांडीवर घेतला आणि वजन जाणवल्यावर जरा थांबली. झाकण काढलं. दिसत तर काही नव्हतं. तिनं हात आत घातला, पार मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला.

"काय म्हणाला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

तिनं हात बाहेर काढला, बोटांना लागलेली साखर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "चांदणी काढ माळ्यावरनं. आज लावायची."